ऑक्टोबरच्या उन्हात, सणासुदीच्या गडबडीत स्वतःला कसं जपावं?

तुम्ही डोंबिवलीत राहता, सकाळच्या लोकलने मुंबईला नोकरीला जाता, वय चौतीस. गणपती गेले की दरवर्षी त्रास सुरू होतो, असं तुम्ही पत्रात लिहिलंय: छातीत जळजळ, दुपारी डोकं ठणकणं, रात्री तळपायांची आग, तुटक झोप आणि घरच्यांवर चिडचिड. त्यात नवरात्राचे नऊ उपवास. आराम वाटावा म्हणून तुम्ही वाचलेले उपायही करून पाहिलेत. संध्याकाळी आलं-दालचिनी घातलेली कॉफी, खोलीत सुगंधी मेणबत्त्या, कढत पाण्याने निवांत अंघोळ, जाडसर पांघरूण घेऊन लोळणं. त्याने जळजळ आणखी वाढली. ‘सगळे सणाच्या आनंदात असतात आणि मी वैतागलेली असते, माझं काय चुकतंय?’ असं तुम्ही विचारता.

तुमचं काही चुकत नाहीये. ते उपाय थंड देशांतल्या पानगळीचे आहेत. तिथे या दिवसांत हवा गारठत जाते, दिवस झपाट्याने लहान होतो, म्हणून माणसं ऊब शोधतात. आपल्याकडे याच दिवसांत आभाळ मोकळं होतं आणि ऊन थेट डोक्यावर येतं. तुम्हाला गारवा हवा होता आणि तुम्ही शरीराला ऊब देत राहिलात. मी पुण्यात वैद्य म्हणून प्रॅक्टिस करते आणि आश्विन लागला की माझ्या दवाखान्यात निम्म्याहून जास्त तक्रारी तुमच्यासारख्याच असतात. त्यामुळे हे उत्तर जरा मोठं होणार आहे.

आधी हवेचं बघू. मोसमी पाऊस महाराष्ट्रातून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात माघार घेतो. ढग जातात, पण जमिनीत ओल भरपूर असते. त्या ओलीची वाफ होते, हवा दमट राहते आणि घाम वाळत नाही. मुंबईच्या बाजूला वारा जमिनीकडून वाहायला लागतो, समुद्रावरचा गार वारा उशिरा येतो, त्यामुळे तिथे तर दुपार अगदी नको होते. दुसरीकडे शरीर तीन-चार महिने पावसाच्या गारव्याला सरावलेलं असतं. उन्हाची सवय नव्याने व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. मे महिन्यात आपण टोपी, सरबत, माठ अशी सगळी तयारी ठेवतो. ऑक्टोबरमध्ये मात्र कसलीच तयारी नसताना ऊन गाठतं.

आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट, त्याने शरद ऋतूचं वर्णन नेमकं इथूनच सुरू केलंय: पावसाळ्यातल्या थंडीची सवय झालेल्या अंगांवर एकाएकी सूर्याची किरणं पडतात आणि पावसाळ्यात साठलेलं पित्त उसळतं. त्याने आणखी एक कामाची गोष्ट सांगितलीय. सरत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येत्या ऋतूचे पहिले सात दिवस हा ऋतुसंधीचा काळ. त्यात जुन्या सवयी हळूहळू सोडायच्या आणि नव्या हळूहळू लावायच्या. मी पेशंटना हाच पंधरवडा सांभाळायला सांगते. तो नीट गेला तर पुढचा महिना पुष्कळ सुसह्य होतो.

आता, काय करायचं ते तुम्ही कुठे राहता आणि तुमची प्रकृती कशी आहे यावर बरंच अवलंबून आहे. तुमच्यासारखं मुंबई-ठाण्यात किंवा कोकणात राहत असाल तर घाम हा मोठा प्रश्न. जांघेत, काखेत ओल राहिली की गजकर्ण उठतं, म्हणून सुती कपडे आणि घरी आल्याबरोबर अंघोळ. पुणे-नाशिककडे महिनाअखेरीला दुपार तापते आणि पहाट गार होते, तिथे रात्री पंखा फुल ठेवून झोपणाऱ्याला सर्दीसारखा त्रास होऊ शकतो. विदर्भात ऊन कोरडं असतं, ओठ-त्वचा आधी सुकते. टोरांटो किंवा लंडनमध्ये हे वाचणाऱ्या मराठी माणसांनी मात्र माझ्या सांगण्यातलं गार-गार काही करू नये. तिथे आलं घातलेला चहा आणि सकाळचा मिळेल तेवढा उजेड हेच बरोबर. आणि तुम्ही मधुमेह, थायरॉइड, रक्तदाब यांबद्दल काही लिहिलेलं नाही. त्यातलं काही असेल तर खाली जिथे साखर, मनुका येतील तिथे आपल्या डॉक्टरांना विचारूनच.

सकाळपासून सुरुवात करते. तुम्ही उठल्या उठल्या रिकाम्या पोटी चहा घेता आणि पुढचं खाणं थेट ऑफिसात, साडेदहाला. जळजळीचं निम्मं उत्तर मला इथेच दिसतं. रात्री दहा-बारा काळ्या मनुका धुऊन पाण्यात भिजत घाला, सकाळी त्या चावून खा आणि पाणी पिऊन टाका. चहा सोडा असं मी म्हणणार नाही, तो तुमचा आनंद आहे. फक्त आधी पोटात दोन घास जाऊ देत आणि या महिन्यापुरतं त्यात आलं नको, वेलची घाला. धने-जिऱ्याचं पाणीही चांगलं: चमचाभर धने आणि अर्धा चमचा जिरे भरडून पेलाभर पाण्यात रात्रभर ठेवायचे, सकाळी गाळून थोडी खडीसाखर. मनुका आणि हे पाणी दोन्ही एकदम सुरू करायची गरज नाही. जे तुम्हाला जमेल, आवडेल ते एक निवडा आणि रोज करा.

पिण्याच्या पाण्यात वाळा घाला, हे माझं स्वतःचं सगळ्यात आवडतं सुख. बाजारात वाळ्याच्या मुळांच्या लहान जुड्या मिळतात. नवी जुडी मातकट असते, म्हणून दोन-तीन पाण्यांत चोळून धुवायची, उन्हात वाळवायची आणि मग माठात सोडायची. तीन-चार दिवसांनी बाहेर काढून पुन्हा कडक उन्हात वाळवायची, नाहीतर ती बुळबुळीत होते. वास मंदावला किंवा आंबूस आला की टाकून द्यायची. जुन्या ग्रंथांत शरदातल्या पाण्याला हंसोदक म्हटलंय: दिवसा सूर्याने तापलेलं, रात्री चंद्राने निवलेलं, अगस्त्य ताऱ्याच्या उदयाने निर्विष झालेलं. कल्पना सुंदर आहे, पण ती त्या काळातल्या स्वच्छ नद्यांची. आज कुणी उघडं पाणी रात्रभर गच्चीत ठेवून प्यावं असं मी सांगत नाही. पाणी उकळून निववा, झाकलेल्या माठात ठेवा, वाळा घाला. फ्रिजचं बर्फगार पाणी उन्हातून आल्याबरोबर घटाघटा पिऊ नका. घाम फार गेला असेल तर मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत उत्तम.

डब्यात काय न्यायचं, याचं उत्तर अगदी साधं आहे. मूगडाळ घालून पडवळ, दुधी, दोडका, कधी कारलं. भात किंवा ज्वारीची भाकरी आणि वर चमचाभर घरचं तूप. तुपाला घाबरू नका, या ऋतूत ते औषधासारखं वागतं. आंबट दही, लोणचं, ठेचा, शेव-फरसाण आणि रात्रीचं उरलेलं आंबूस अन्न महिनाभर बाजूला ठेवा. ताकाबद्दल वैद्यांत मतभेद आहेत. ताजं, आंबट नसलेलं, पातळ ताक जिरं घालून वाटीभर बहुतेकांना चालतं, असा माझा अनुभव. पोटाला तडस लागेपर्यंत जेवणं आणि दुपारची झोप, दोन्ही गोष्टी वाग्भटाने शरदात वर्ज्य सांगितल्यात. रविवारी भरपेट जेवून दोन तास झोपल्यावर संध्याकाळी डोकं जड होत असेल तर कारण हेच. फळांत डाळिंब आणि सीताफळ. सासवड-पुरंदरची सीताफळं या दिवसांत ठाण्या-मुंबईपर्यंत येतात, त्यातलं एखादं चार वाजता खाणं हा सुद्धा लाडच आहे. बाजारात आवळा दिसायला लागला की तोही घ्या. आंबट असला तरी तो पित्तावर चालतो.

आता नवरात्र, कारण तुमचा त्रास मुख्यतः तिथे पेटतो. उपवासाच्या विरोधात मी मुळीच नाही. श्रद्धेने केलेल्या उपवासाने मनाला जी शांतता मिळते ती मी पेशंटमध्ये पाहिलेली आहे. पण नऊ दिवस आपण खातो काय? सकाळी चहा, दुपारी हिरव्या मिरचीची, दाण्याच्या कुटाची तुपाळ साबुदाणा खिचडी, चार वाजता तळलेला बटाट्याचा चिवडा, पुन्हा चहा, रात्री साबुदाणे वडे आणि दही. ऐन पित्ताच्या दिवसांत तिखट, तळलेलं, आंबट आणि मध्ये लांबलांब रिकामं पोट, हे सगळं एकत्र येतं. जळजळ होणारच.

तुमच्यासारख्यांना मी आधी विचारते, उठता-बसता उपवास चालेल का? घट बसतात त्या दिवशी आणि उठतात त्या दिवशी, असे दोनच उपवास अनेक घरांत चालत आलेले आहेत, त्यात काही कमीपणा नाही. सासूबाईंशी एकदा मोकळेपणाने बोला. पुष्कळदा घरातली मोठी माणसंच म्हणतात, ‘अगं, एवढा त्रास होत असेल तर नको करूस.’ नऊही दिवस करायचेच असतील तर पदार्थ बदला. राजगिऱ्याच्या लाह्या दुधात, तुपावर परतलेली लाल भोपळ्याची भाजी, वरईचा भात आणि त्यावर कमी मिरचीची दाण्याची आमटी, उकडलेलं रताळं तुपाशी, शिंगाड्याची खीर, केळं, खजूर. दर तीन तासांनी थोडं खा. भगरीबाबत, म्हणजे वरईबाबतच, एक काळजी घ्या: भगर आणि तिचं पीठ खात्रीच्या दुकानातून, ताजं, बंद पाकिटातलं घ्या आणि निवडून, धुऊन, त्याच दिवशी शिजवून खा. जुन्या, बुरशी धरलेल्या भगरीने विषबाधा झाल्याच्या बातम्या नवरात्रात येतात. पित्ताची किंवा दुसरी कोणतीही रोजची गोळी उपवास म्हणून परस्पर बंद करू नका.

संध्याकाळकडे येऊ. शरदातली संध्याकाळ ही वर्षातली सगळ्यात सुंदर वेळ आहे आणि तुम्ही ती लोकलच्या गर्दीत आणि नंतर ओट्यापाशी घालवता, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. वाग्भट सांगतो: चंदन-वाळा-कापराचा लेप, मोत्यांची माळ, स्वच्छ वस्त्रं आणि गच्चीवर बसून चांदणं. वेळ दिलीय रजनीमुख, म्हणजे रात्रीची सुरुवात. त्याच ठिकाणी दवात बसू नका असंही त्याने बजावलंय. मोत्यांची माळ सोडा, बाकीचं तुम्हाला जमण्यासारखं आहे. घरी आल्यावर साध्या पाण्याने अंघोळ, फिकट रंगाचा सैल सुती कपडा, कपाळावर उगाळलेल्या चंदनाचं बोट, आणि जेवणानंतर आठ-साडेआठला वीस मिनिटं गच्चीवर किंवा सोसायटीच्या मोकळ्या जागेत. फोन घरात ठेवून. मेणबत्तीऐवजी पहाटे पडलेली प्राजक्ताची फुलं वेचून ओंजळभर वाटीत ठेवा, खोलीला सुगंध येतो आणि उष्णता वाढत नाही.

कोजागिरीचं मसाला दूध तुम्हाला चालेल. केशर, वेलची, चारोळी, किंचित जायफळ, लहान पेलाभर. फक्त त्याच्या आधी भजी आणि आंबट-तिखट भेळ नको. त्या रात्री पोट बिघडून सकाळी येणाऱ्यांनी बहुतेक वेळा दुधाच्या आधी हेच खाल्लेलं असतं. मध्यरात्रीपर्यंत दवात बसणार असाल तर डोक्यावर पदर किंवा स्कार्फ घ्या.

तळपायांच्या आगीसाठी काशाची वाटी. आजीच्या हातची ही गोष्ट बऱ्याच घरांतून गेली आहे, ती परत आणण्यासारखी आहे. पाय धुऊन कोरडे करा. तळव्याला अर्धा चमचा तूप लावा, खोबरेल तेलही चालेल. वाटीचं बूड टाचेपासून बोटांकडे आणि मग गोल गोल फिरवा. जोर लावू नका, वाटीच्या वजनानेच काम होतं. दर पायाला पाच-सात मिनिटं. तुपाला हळूहळू करडा, मग काळपट रंग येतो आणि ‘बघा, अंगातली उष्णता निघाली’ असं लोक म्हणतात. ते तसं नाही. काशाचा धातू, तुपातली आम्लं आणि घर्षण यांच्यामुळे तो रंग येतो, कुणाच्याही पायावर येतो. काळं कमी आलं म्हणून कुणी निराश होऊ नये. पण आग शमते, पाय हलके होतात आणि झोप लागते, हे मी इतक्या जणांत पाहिलंय की त्याबद्दल मला शंका नाही. नंतर ओल्या फडक्याने पाय नीट पुसा, तुपकट पायांनी फरशीवर घसरायला होतं. शक्य असेल तर हे दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. नवऱ्याला सांगा, मुलीला सांगा. दहा मिनिटं कुणीतरी आपले पाय हातात घेऊन बसणं, याचं सुख वेगळंच असतं आणि घर सांभाळणाऱ्या बाईच्या वाट्याला ते क्वचित येतं.

तळव्यांची आग बारा महिने असेल, सोबत मुंग्या किंवा बधिरपणा असेल, तर मात्र वाटीवर थांबू नका. रक्तातली साखर आणि बी-१२ तपासून घ्या.

चिडचिडीबद्दल तुम्ही अपराधी वाटतं असं लिहिलंय. झोप तुटलेली, पोटात आग, बाहेर ऊन, अशात कुणाचाही स्वभाव आखूड होतो. शरीर निवलं की ती निम्मी कमी होते. उरलेली निम्मी मात्र कामाच्या ओझ्याची असते, तिला मनुका आणि वाळा पुरत नाहीत. घटस्थापनेपासून भाऊबीजेपर्यंत साफसफाई, पाहुणे, फराळ, खरेदी सगळं एका माणसाच्या अंगावर असेल तर आधी ते वाटून द्या. चकल्या आणि करंज्या तळणीच्या कढईसमोर भर दुपारी करण्याचा हट्ट सोडा. तळण पहाटे उरका किंवा जवळच्या बचत गटाच्या बायकांकडून विकत घ्या, लाडू तेवढे घरी करा. माळे साफ करायचं काम दिवाळीनंतर, थंडी पडल्यावर केलं तरी काही बिघडत नाही. स्वतःसाठी काय करू, असं मला विचारणाऱ्या बायकांना मी पहिल्यांदा हेच विचारते की या यादीतलं काय सोडता येईल.

दिवाळीच्या सुमारास हवा पालटते, पहाट गार होते, आणि तेव्हा अभ्यंगस्नान अगदी योग्य जागी येतं. कोमट तेल, मग वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी, आंबेहळद, चंदन घातलेलं उटणं दुधात कालवून. तुमची ती ऊबदार अंघोळ तेव्हा करा, मनसोक्त. आत्ता मात्र पाणी साधं, फार तर कोमट.

डॉक्टरकडे कधी जायचं, हेही सांगते. या दिवसांत डेंग्यूचे पेशंट वाढतात. ताप, डोळ्यांच्या मागे दुखणं, अंग मोडून येणं, पुरळ असं काही असेल तर ‘उष्णता झाली’ म्हणून घरी थांबू नका, रक्त तपासा. त्या तापात आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने. छातीतल्या जळजळीबरोबर घाम फुटणं, धाप, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ असेल तर थेट हॉस्पिटल गाठून ईसीजी काढा. काळी शी, रक्ताची उलटी, वजन आपोआप उतरणं, घास अडकणं, यातलं काहीही असेल तर पोटाच्या तज्ज्ञांना दाखवा. वर सांगितलेलं सगळं तीन आठवडे नेटाने करूनही जळजळ तशीच राहिली, तरीही दाखवा.

शेवटी, तुमच्या जाऊबाईंनी एरंडेल घेऊन पोट साफ करायला सांगितलंय, त्याबद्दल. शरदात विरेचन, म्हणजे औषधाने जुलाब करवून पोट साफ करणं, सांगितलेलं आहे, हे खरं. पण त्याआधी काही दिवस औषधी तूप पोटात घ्यावं लागतं, मग मालिश आणि शेक, मग प्रकृती आणि ताकद पाहून औषध, आणि नंतर पेज-मुगाच्या कढणापासून हळूहळू जेवण वाढवणं. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या एरंडेल पिणं म्हणजे विरेचन नव्हे, आणि उपवासात तर ते मुळीच करू नका, शरीरातलं पाणी आणि क्षार जातात. करायचंच असेल तर डोंबिवलीतच एखाद्या नोंदणीकृत वैद्यांना दाखवा, चार-पाच दिवस रजा मिळेल असा आठवडा निवडा आणि जाताना चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि पाळीची तारीख सोबत न्या. दिवस गेले असण्याची जराही शक्यता असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगा.